अमाल्फी किनारा एका दिवसात, पण धावपळ न करता: अनुभव सांगा

सप्टेंबरअखेर आम्ही चौघं इटलीत नेपल्सला मुक्कामी आहोत. मी, नवरा आणि सासू-सासरे. सासूबाईंचा डावा गुडघा जिना दिसला की आधी बोलतो. त्यातला एक दिवस अमाल्फी किनाऱ्यासाठी ठेवलाय. नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे: सकाळी सोरेंतो, मग पोझितानो, मग अमाल्फी, मग रावेल्लो, रात्री परत. त्यात जेवणाला पंचवीस मिनिटं दिली आहेत. ही शीट मोडीत काढायला मला तुमची मदत हवीय. काय केलंत, काय चुकलं, सगळं लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून.

पुणे

शीट मोडीत काढाच. सोरेंतोच्या बाजूने जाऊच नका, सालेर्नोकडून जा. नेपल्सहून जलद गाडीने पाऊण तासात सालेर्नो. स्टेशनातून बाहेर पडून समुद्राकडे चालत गेलं की काही मिनिटांत बोटीचा धक्का. तिथून अमाल्फी साधारण पस्तीस मिनिटं, पोझितानो सव्वा तासाच्या आत. जाताना उजव्या बाजूला बसा, किनारा तिकडे आहे. आधी व्हिएत्री, मग चेताराचा दगडी बुरूज, मायोरीची लांब पुळण, एकामागून एक गावं समोरून सरकत जातात. रस्त्याने गेलं तर आपण कड्याच्या अंगावर असतो, कडा दिसत नाही. तो पाण्यातूनच दिसतो. आम्ही फक्त अमाल्फी केलं आणि दुपारी चक्क बाकावर डुलक्या काढल्या. माझ्या मते एका दिवसाला दोन गावं ही कमाल मर्यादा.

डोंबिवली

मी ती शीट जगून आलोय. सोरेंतोहून बस पकडली. उजवीकडची खिडकी मिळाली तर समुद्र दिसतो, इतपत मी वाचून गेलो होतो. खिडकी मिळाली नाही. उभा राहून एका अनोळखी आजोबांच्या काखेतून समुद्र पाहिला. रस्ता १९व्या शतकातला, म्हणजे घोडागाड्यांच्या मापाचा. समोरून दुसरी बस आली की एकीने मागे जायचं, आरसे एकमेकांना घासणार असं वाटतं आणि घासत नाहीत. वरंधा घाटात एसटीने गेलेल्याला भीती वाटणार नाही, पण मळमळेल. बायकोने एव्होमिन घेतली, मी मर्दुमकी दाखवली, पुढचं लिहीत नाही.

पोझितानोला उतरलो तिथे खरी चूक झाली. पुढची बस भरलेली, त्यापुढचीही भरलेली. डोंबिवलीला निदान लटकता तरी येतं! उन्हात दीड तास थांबलो. पोझितानो सुंदर आहे, पण ते गाव म्हणजे एक उभा जिना आहे. सासूबाईंना खालच्या किनाऱ्यावर नेणं सोपं, बसथांब्यापर्यंत वर आणणं अवघड.

आणि हो, बसचं तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानात घ्यायचं. बाहेर मोठा पांढरा ‘टी’ लिहिलेली पाटी असते. चढल्यावर मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

म्युनिक

अमाल्फीत वेळ कसा जाईल असं वाटत असेल तर सांगतो. धक्क्याजवळच्या चौकात फ्लाव्हिओ जोयाचा पुतळा आहे. होकायंत्राचा जनक म्हणून उभा केलाय, पण असा माणूस झाला होता की नाही यावरच इतिहासकारांना शंका आहे. पुतळा मात्र एकदम ठाम. पुढे चर्च, त्याच्या ६२ पायऱ्या. गुडघा नको म्हणाला तर खाली कॉफी घेऊन बसायचं, समोरचा भाग खालूनच छान दिसतो. ज्यांना चढता येईल त्यांनी ब्राँझचा दरवाजा जवळून बघावा. तो ११व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) ओतवून आणलाय. त्या काळी हे एवढंसं गाव समुद्री व्यापारात व्हेनिसच्या बरोबरीने होतं, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

गावातून सरळ वर चालत गेलं की जुनी कागद गिरणी आहे, आता संग्रहालय. कापडाच्या चिंध्या कुटून लगदा करायचे ते पाण्यावरचे लाकडी हातोडे चालवून दाखवतात. माझे वडील छापखान्यात होते, त्यांना तिथून हलवायला अर्धा तास लागला.

त्यानंतर आत्रानी. शेजारचंच गाव, बोगद्यातून दहा-पंधरा मिनिटांत चालत. क्षेत्रफळ ०.१२ चौरस किलोमीटर, इटलीतलं सगळ्यात छोटं. एक चौक, कमानीखालून समुद्र, पोरं फुटबॉल खेळतायत. आमच्या अख्ख्या सहलीत वडिलांना हा चौक सगळ्यात आवडला, आणि तिथे बघण्यासारखं काहीच नाही.

नाशिक

शाकाहारींसाठी. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ पाठ करा: मांस नको, मासे नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा चालतो असं समजतात. चेताराची खासियत ‘कोलातुरा’ म्हणजे खारवलेल्या मांदेलीसारख्या माशांचा गाळलेला अर्क. दिसायला तेलासारखा, पास्त्यात कळतही नाही, म्हणून विचारा. उलट ‘मारिनारा’ (म्हणजे खलाशांचा) पिझ्झा नावाने फसवतो, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, बस. कडक पाळणाऱ्यांनी पार्मेझान चीज टाळावं, त्यात दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

लिंबाच्या पानांवर भाजलेलं प्रोव्होला चीज खा. आणि तिथलं लिंबू! लांबट, तळहाताएवढं, सालीखालचा पांढरा गर जाड आणि कडू नसलेला. चकत्या करून साखर लावून खातात. माझ्या आईने बिया रुमालात बांधल्या, मी विमानतळावर टाकायला लावल्या, अजून बोलत नाही.

मडगाव

रावेल्लोची बाजू घेतो. अमाल्फीहून वर साडेतीनशे मीटर, बसने अर्धा तास. व्हिला रुफोलोच्या बागेत जर्मन संगीतकार वाग्नर १८८०मध्ये आला आणि आपल्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरामधली जादूगाराची बाग आपल्याला सापडली म्हणाला. पण मला बागेपेक्षा वाटेतल्या लिंबाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाड्या आवडल्या. दगडी बांध, लाकडी मांडव, पाट. आमच्या कुळागराची आठवण झाली, फक्त इथे सुपारीच्या जागी लिंबू आणि वाकून काम करणारे सगळे म्हातारे. आत्रानी की रावेल्लो, एकच निवडा. वर चौक सपाट आहे, गुडघ्याला चालेल.

ठाणे

बोटीबद्दल एक सावधगिरी. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. सप्टेंबरअखेर चालू असतात, पण वारा सुटला की रद्द. आमची संध्याकाळची बोट पाटीवरून गायब झाली. सालेर्नोला बसने परतलो, सव्वा तास लागला. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा, आणि बसची तिकिटं खिशात ठेवा.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर सोडा. हंगामात ठरावीक दिवशी दिवसा नंबरप्लेटचा सम-विषम नियम असतो, आणि पार्किंग शोधण्यात सासऱ्यांचा रक्तदाब वाढेल ते वेगळंच.

धागाकर्ती

शीट मोडली! आता असं ठरलंय: सालेर्नो, बोट, अमाल्फी, चालत आत्रानी, आणि शेवटच्या आधीची बोट. रावेल्लोवरून नवरा अजून रुसलाय, पण जेवणाच्या रकान्यात मी दोन तास भरले आहेत. सासूबाई पायऱ्यांखाली कॉफीवाल्या योजनेवर खूश. सासऱ्यांचा एकच प्रश्न उरलाय: आत्रानीच्या त्या चौकात चहा मिळतो का?

म्युनिक

मिळतो. गरम पाणी, वेगळी पुडी, लिंबाची फोड. दुधाचं विचारू नका.