वडिलांच्या हवामानाच्या वह्या आणि माझे अडलेले लेखन

प्रश्न

माझे वडील गेल्या वर्षी गेले. निवृत्तीनंतर ते सुमारे २००० मीटर उंचीवरच्या एका डोंगरी घरात राहत होते. शेवटची आठ वर्षे आईविना. सध्या मी त्याच घरात राहून त्यांच्याविषयी लिहू पाहते आहे, पण चार महिन्यांत जी पाने झाली त्यांत वडील जवळजवळ नाहीतच. धुके आहे, सूर्य कड्याआड जाताच उतरणारा गारठा आहे, इथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते हेसुद्धा आहे.

त्यांनी मागे ठेवलेले लिखाण म्हणजे हवामानाच्या सात वह्या. रोज सकाळी सहाला खिडकीबाहेरचा तापमापक पाहून लिहिलेली एक ओळ: वेळ, तापमान, आकाश. आई ज्या रात्री याच घरात गेली, त्या तारखेची ओळ मी शोधून काढली. तिथे एवढेच आहे: ‘२.४०. उणे ३. निरभ्र.’ खरे सांगायचे तर मला रागच आला. त्या रात्रीही ज्याने पारा पाहिला, त्या माणसाविषयी लिहायचे तरी काय? आणि मी डोंगराविषयीच लिहीत बसते, ही पळवाट समजावी का?

प्रतिसाद १

पळवाट म्हणण्याची घाई करू नये. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, दुःखाला सामोरे जाणे आणि त्यापासून बाजूला होऊन रोजच्या जगण्यात गुंतणे या दोहोंमध्ये शोकग्रस्त माणूस येरझाऱ्या घालत असतो, आणि ही येरझार शोकाचाच भाग असते. लिहिल्याने मन हलके होते या समजुतीमागे बहुधा पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा प्रयोग असतो. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिले होते. लिहून उठल्याबरोबर त्यांना उलट अधिक वाईट वाटले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. तेव्हा चार महिन्यांत हलके वाटले नाही म्हणून लेखन फसले, असे ठरवू नका.

प्रतिसाद २

माझे मत थोडे कठोर आहे. धुक्याची पाने बाजूला ठेवा. धुके कोणीही लिहील. त्या वह्या तुमच्याखेरीज कोणाकडेच नाहीत.

प्रतिसाद ३

ती ओळ तुम्ही आम्हाला जशीच्या तशी दिलीत हे बरे झाले, कारण तुमचे लक्ष तापमानावर खिळलेले दिसते आणि माझे वेळेवर अडले. मी स्वतः बरीच वर्षे अशा नोंदी ठेवल्या आहेत. निरभ्र रात्री जमिनीतली ऊब झपाट्याने निघून जाते, थंड हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते आणि पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या सुमारास. म्हणून सकाळची नोंद महत्त्वाची, आणि म्हणूनच ती रोज ठरल्या वेळी घ्यायची. रात्री २.४० चा आकडा या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि इतकी वर्षे वही ठेवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. हवामानासाठी त्यांनी ती नोंद घेतलेली नाही. त्यापुढच्या दिवसांच्या वेळा एकदा पाहाल का?

प्रश्नकर्तीचे उत्तर

पाहिल्या. पुढचे सतरा दिवस एकही नोंद सहाची नाही. १.१५, ३.३०, पुन्हा १.१५, एका रात्री तर दोन नोंदी. अठराव्या दिवशी सहा, आणि आकाशाच्या जागी ‘धुके’. ही पाने मी यापूर्वी निदान तीनदा चाळली होती, तरी डाव्या कडेचे आकडे माझ्या नजरेला पडले नव्हते.

काल रात्री २.४० ला उठून मी ते करून पाहिले. तापमापक खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि काचेवर आतून दव धरते. ते हाताने पुसून विजेरी पेटवली, की आधी काचेत आपलाच चेहरा दिसतो. विजेरी काचेला अगदी टेकवून धरली, तरच पारा दिसतो. त्यावर दीड पान झाले आहे. धुक्याची पाने अजून फाडलेली नाहीत.