प्लास्टिकवर सरसकट बंदी हवी की नको?

धागा: माझं मत, हवी. 'जपून वापरा, नीट टाका' हे ऐकून कान किटले. २०१५ पर्यंत जगात जमलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, १२ टक्के जाळलं आणि बाकीचं कचराभूमीत किंवा उघड्यावर गेलं. नळ धो धो वाहत असताना फरशी पुसण्यात काय अर्थ? आधी नळ बंद करा.

प्रतिसाद १: 'सरसकट' या शब्दाला माझा सक्त विरोध. माझे वडील पंधरा दिवस आयसीयूत होते. सलाईनची पिशवी, नळ्या, सिरिंज, ऑक्सिजनचा मास्क, सगळं प्लास्टिकच. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत ठेवत. प्लास्टिकची पिशवी आली आणि त्याच रक्तातून लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा वेगळे काढणं सोपं झालं. यावर बंदी घालणार?

धागाकर्ती: नाही. तुमचं बरोबर आहे, 'सरसकट' मागे घेते. पण दवाखान्याच्या आडून चमचे, स्ट्रॉ आणि शाम्पूच्या पुड्या सुटायला नकोत.

प्रतिसाद २: पर्याय तरी तपासा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालानुसार, एकदाच वापरलेल्या साध्या पातळ पिशवीपेक्षा तापमानवाढीत कमी भर पडायची, तर कापडी पिशवी निदान १३१ वेळा वापरावी लागते. घरोघरी कपाटात कापडी पिशव्यांचा ढीग पडलाय, तो कोण मोजणार?

धागाकर्ती: त्या हिशेबात उघड्यावर पडलेल्या कचऱ्याचं नुकसान धरलेलंच नाही. कासवाच्या पोटात कापडी पिशवी सापडत नाही. आणि १३१ वेळा म्हणजे आठवड्यातून दोनदा बाजार केला, तर सव्वा वर्ष. माझी पिशवी सहा वर्षं चालली आहे, एक बंद तेवढा पुन्हा शिवला.

प्रतिसाद ३: मी भंगाराच्या धंद्यात आहे. पाण्याची बाटली आमच्याकडे हातोहात जाते, डबे-बादल्याही जातात. पुडीला मात्र कुणी हात लावत नाही. फाडून कड उजेडात धरा: बाहेर छपाईचा थर, मधे चांदीसारखा पत्रा, आत चिकटणारा थर. हे थर आमच्याकडे सुटे होत नाहीत, आणि सुटे झाल्याशिवाय नीट वितळवता येत नाही. शंभर पुड्या वेचल्या तरी मूठभर वजन. बंदी घालायचीच तर पुडीपासून घाला, बाटलीला लागू नका. त्यावर आमची चूल पेटते.

प्रतिसाद ४: बांगलादेशने २००२ मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली, कारण त्या गटारात अडकून पूर वाढत होता. पिशव्या तिथं आजही सर्रास मिळतात. कायद्याने काय साधलं?

धागाकर्ती: कारखाना चालू ठेवून गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी हिसकावली तर दुसरं काय होणार? बनवणाऱ्यालाच धरा. भंगारवाल्या दादांचं म्हणणं मला पटलं. जे कुणी वेचत नाही, ते बनूच नये. माझी मागणी आता तेवढीच.

प्रतिसाद १: एवढ्यावर माझीही सही.