जुना फोन उशाशी घड्याळ म्हणून चालेल का?

प्रश्न: जुना अँड्रॉइड पडून आहे, रात्रभर टाइम दिसला पाहिजे पण हिला उजेडात झोप लागत नाही. कुठलं ॲप घेऊ?

निशाचर: ॲप कशाला, सेटिंगमधे डिस्प्लेत स्क्रीन सेव्हर बघ, क्लॉक निवडून नाइट मोड ऑन कर, चार्जिंगला लावला की आपोआप येतं.

खटपट्या: आधी स्क्रीन कुठली ते सांगा राव! अमोलेडला काळे पिक्सेल चक्क बंद असतात, एलसीडीचा मागचा लाइट चालूच, अंधारात काळा भागपण राखाडी दिसतो. अमोलेडवर आकडे सरकते ठेवा, नाहीतर डाग पडतो.

कोकणकन्या: आयफोनला आयओएस १७ पासून स्टँडबाय हा घड्याळ दाखवणारा मोड आहे, आडवा चार्जिंगला लावायचा, अंधारात आकडे लाल. रात्रभर चालू मात्र १४ प्रोपासूनच्या ठरावीक मॉडेलांवरच.

निशाचर: आणि बॅटरी फुगलेली असेल तर नाद सोड.