रॅमचे भाव इतके चढले असताना सहा वर्षांच्या पीसीवर २५ हजार घालावेत का?

मानवतकर९८

नमस्कार मंडळी. मी मानवतचा, जिल्हा परभणी. दिवसभर ई-सेवा केंद्रात बसून पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, सातबारा. रात्री जेवणं झाली की धाकटा भाऊ आणि मी आळीपाळीनं गेम खेळतो. पीसी २०१९ च्या दिवाळीत वडिलांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिलेला. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय.

व्हॅलोरंटमध्ये एकटा फिरत असलो तर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) १२० च्या वर असतात. पण चार-पाच जण एका जागी आले, कुणी धूर टाकला, की धाडकन ४५. नेमकं गोळी झाडायच्या वेळी चित्र थिजतं. जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ताच येत नाही. गाडी हवेत चालल्यासारखी जाते आणि मग एकदम खाली डांबर उमटतं. उन्हाळ्यात दुपारी तर पीसी आपोआप बंद पडतो.

परभणीत एका दुकानात विचारलं. ‘हे सगळं काढा, नवा सेट घ्या’ म्हणाले आणि ७८ हजारांचं कोटेशन हातात दिलं. त्यात १६ जीबी डीडीआर५ रॅमचेच १६ हजारांच्या वर. मागच्या मे महिन्यात माझ्या मित्रानं ८ जीबी डीडीआर४ सतराशेला आणली होती, तीच स्टिक आता पाच हजार सांगायलेत.

माझ्याकडं स्वतःचे साठवलेले २५ हजार आहेत. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाची बोंडं काळी पडली, त्यामुळं घरात यंदा एक रुपया मागायचा नाही हे ठरलेलं आहे. भाव उतरायची वाट बघू, जुन्याच पीसीत काही बदलू, की २५ हजार भरून बाकीचे हप्ते पाडू? भाऊ बारावीला आहे. परीक्षा झाली की सुट्टीत त्याला नीट खेळता यावं, एवढं मनात आहे.

औरंगपुरा_गेमर

भाऊ, एएम४ वर (तुझ्या बोर्डाचं जुनं सॉकेट) आता पैसे घालू नकोस, पुढचे मोठे प्रोसेसर सगळे नव्या एएम५ सॉकेटवर यायलेत. हप्ते पाड, बी६५० बोर्ड आणि रायझन ५ ७६०० घे, पाच वर्षं बघायचं काम नाही. रॅम अजून महाग व्हायच्या आधी उरकून टाक.

परभणी_रिपेअर

भाऊ, हप्त्याच्या कागदावर आत्ताच सही करू नकोस. चौदा वर्षं झाली मला परभणीत हार्डवेअरचं काम करून. २२००जी चे पीसी माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात, आणि तुझा बोर्ड फेकायच्या लायकीचा नक्कीच नाही. अडचण त्यावरच्या प्रोसेसरमध्ये आणि त्या एकट्या स्टिकमध्ये आहे.

आधी पैसा न घालता तपास कर. गेम चालू असताना आफ्टरबर्नरचं (प्रोसेसर आणि कार्डावरचा भार दाखवणारं सॉफ्टवेअर) मीटर स्क्रीनवर लाव. गर्दीत प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड ५०-६० वर घुटमळत असेल, तर कार्डाला कामच पोचत नाही असं समज. २२००जी ला चार कोअर आणि थ्रेडही चारच. व्हॅलोरंट, डिस्कॉर्ड आणि विंडोज एवढ्यातच ते भरतात. रॅम साडेसात जीबीच्या वर गेली की विंडोज उरलेलं डिस्कवर लिहायला लागतं. तुझा रस्ता उशिरा उमटतो तो यामुळं, आणि बहुतेक गेम हार्ड डिस्कवर असल्यामुळं. जीटीए आज रात्रीच एसएसडीवर हलव.

आता बदल. तुझ्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, सहा कोअर, बारा थ्रेड. बी४५० ला ही पिढी चालणार नाही असं एएमडी कंपनीनं २०२० मध्ये आधी सांगितलं होतं. लोकांनी ओरड केली तेव्हा त्याच मे महिन्यात निर्णय फिरवला. त्या ओरडीचा फायदा आज तुला आहे, कारण बोर्ड तोच, रॅमही डीडीआर४ च. डीडीआर५ च्या भावाशी तुझा संबंधच येत नाही. फक्त ८ जीबीची दुसरी स्टिक घे. जुनी चालेल, पण आधीची ज्या वेगाची आहे त्याच वेगाची बघ. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव, म्हणजे ड्युअल चॅनल चालू होतं. एका नळाखाली लावलेली घागर आणि दोन नळांखाली लावलेली, इतका फरक पडतो.

दुसरं कारणही आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि २२००जी विंडोज ११ च्या यादीत नाही. ५६०० आहे. तू घरी याच पीसीवर लोकांची कागदपत्रं हाताळत असशील तर हे गेमपेक्षा मोठं समज. एक मात्र ध्यानात ठेव, ५६०० ला स्वतःचा डिस्प्ले नसतो. उद्या कार्ड गेलं तर स्क्रीन येणार नाही.

आता बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा बोर्डातला प्रोग्राम. हा भाग दोनदा वाच. अपडेट २२००जी बोर्डात असतानाच करायचं. नवा प्रोसेसर आधी घातलास तर जुन्या बायोसवर स्क्रीनच येणार नाही. बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि रिव्हिजन बघून फाईल घे, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर. आणि लाईटचा भरवसा असल्याशिवाय हात लावू नकोस. तीन वर्षांपूर्वी रब्बीच्या दिवसांत मी एका गिऱ्हाइकाचा बोर्ड अपडेटला लावला होता. ६२ टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएस होता, पण बॅटरी फुगलेली. टीं करून गप्प झाला आणि बोर्ड मेला. मग त्या आठ पायांच्या चिपला चिमट्यासारखी क्लिप लावून प्रोग्रामरनं बायोस परत भरला, त्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून मी यूपीएसवर १०० वॅटचा बल्ब लावतो, भिंतीतली पिन काढतो आणि दहा मिनिटं जळतो का बघतो. जळला तरच अपडेट. तूही हेच कर. आणि शेतीची लाईट यायची वेळ टाळ, एकदम सगळ्या मोटारी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज खाली बसतं.

कूलर काढताना सरळ वर ओढू नकोस. सहा वर्षांत पेस्ट वाळून सिमेंटसारखी धरते. ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर येतो. खाली १३३१ पिना आहेत, त्यातल्या दोन-चार वाकल्या तरी काम वाढलं. आधी पंधरा मिनिटं गेम चालव, पीसी गरम होऊ दे. मग बंद करून पिन काढ, चारही स्क्रू सोड आणि कूलर कुलपातल्या किल्लीसारखा डावीकडं-उजवीकडं हळू फिरव. सुटला की हाताला कळतं, मग उचल.

दुपारी बंद पडतो त्याचं उत्तरही तिथंच सापडेल. मानवत-सेलूकडचे पीसी मी उघडतो तेव्हा जिनिंगच्या हंगामातले कापसाचे तंतू कूलरच्या पंखाखाली गोधडीसारखे दबून बसलेले असतात. वरून फुंकर मारून ते निघत नाहीत, पंखा काढून चिमट्यानं थर उचलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धर, गरगर फिरू देऊ नकोस. २२००जी ९५ अंशांपर्यंतच सोसतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात खोलीच चाळिशीत असते.

सप्लायचं झाकण न उघडता नुसतं लेबल बघ. १२ व्होल्टच्या लाईनवर किती अँपिअर लिहिलंय ते इथं टाक. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही. ते आधी वायरमनकडून करून घे, बाकी सगळं नंतर.

ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नकोस. तू जे खेळतोस त्याला १६५० पुरतं. औरंगपुऱ्याच्या मित्राचं म्हणणं ज्याच्याकडं ८० हजार मोकळे आहेत त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलंय त्यानं गेमसाठी कर्ज काढू नये, हे मी दुकानदार असूनही सांगतो.

लातूरची_स्मिता

मी २०२१ मध्ये कार्डासाठी थांबले होते. तेव्हा सगळी कार्डं क्रिप्टो नाणी काढणारे मायनिंगवाले उचलत होते, छापील किमतीला काही मिळतच नव्हतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि त्या दिवाळीत मला हवं ते कार्ड आधी सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात मिळालं. म्हणून विचारते, रॅमचंही तसंच होणार नाही का? सहा महिने थांबलं तर?

परभणी_रिपेअर

ताई, तुमचं थांबणं तेव्हा बरोबरच होतं. पण ती मागणी एका दिवसात आटली. आताचं तसं नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. तिघींनाही एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून कारखाने तिकडं वळलेत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपल्यासारख्यांना दुकानात मिळणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गुजरातेत साणंदला त्यांचा प्रकल्प आहे, आता माल स्वस्त होईल का, असं गिऱ्हाइकं मला विचारतात. तिथं चिपची जोडणी आणि तपासणी होते, वेफर (चिप जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची चकती) तिथं तयार होत नाही. वेफरचा नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला वर्षं जातात. डीडीआर४ चं उत्पादन तर या कंपन्या कमीच करत आल्यात. नव्या सेटसाठी थांबावं, ते मलाही पटतं. एका जुन्या स्टिकसाठी थांबून ती स्वस्त होईल असं मला वाटत नाही.

नांदेड_देवगिरी

जुन्या स्टिकबद्दल थोडं. मी देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला जाऊन सीटीसी मार्केटमधून माल आणतो. ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपच्या २६६६ वेगाच्या स्टिक तिथं मिळतात आणि चांगल्या चालतात. पण दोन ठिकाणी लोक फसतात. एक, छोट्या डबीसारख्या पीसीतली रॅम लॅपटॉपच्या मापाची असते, ती तुमच्या खाचेत बसणारच नाही. दुसरं, सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. तीही डीडीआर४ च, स्वस्तही असते, पण बी४५० वर तिच्यावर पीसी चालू होत नाही. लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर आर हे अक्षर दिसलं, उदाहरणार्थ २६६६व्ही-आर, तर हात लावू नका. घरी आणल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, चार फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक परत. बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

मानवतकर९८

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. भावाची परीक्षा संपेपर्यंत पीसीला हात लावला नाही. परवा रविवारी काम केलं.

बल्बची परीक्षा घेतली म्हणून वाचलो. माझा यूपीएस दोन मिनिटांत बसला. बॅटरी बदलली, ११५०. मग सकाळी सहाला, लाईट स्थिर असताना बायोस केला. ५६०० मिळाला ९२०० ला. माझी स्टिक २६६६ चीच निघाली, तिची जोडीदार नांदेडवाल्या दादांनी ३१०० ला आणून दिली आणि मेमटेस्ट चार फेऱ्या स्वच्छ गेली. पेस्ट २५०. एकूण १३,७००. उरलेले ११,३०० खात्यातच आहेत.

काका, कूलर तुम्ही सांगितला तसाच किल्लीसारखा फिरवला. आधी काही हललं नाही, मग एकदम मऊ लागलं आणि सुटला. प्रोसेसर जागेवरच. पंख्याखालचा कापसाचा थर आईला दाखवला, दिव्याच्या चार वाती झाल्या असत्या. पहिल्यांदा चालू केल्यावर दीड मिनिट स्क्रीन काळीच. भावाचा हात बटणाकडं गेला, मी धरला. मग चित्र आलं.

व्हॅलोरंट गर्दीतही १५० च्या खाली येत नाही, कार्ड आता ९५ टक्क्यांच्या वर काम करतंय. जीटीएमध्ये विमानतळापासून डोंगरापर्यंत पूर्ण वेगानं गाडी नेली, रस्ता कुठंच गायब झाला नाही. भाऊ रात्री दोनपर्यंत उठला नाही. सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टला ३४ अँपिअर लिहिलंय. पत्र्याला मुंग्या येत होत्या, वायरमन उद्या यायलाय.

जुना २२००जी त्याच्याच डबीत घालून ठेवलाय, पिना सगळ्या सरळ. परभणी, सेलू, पाथरीकडं कुणाला जुन्या बी४५० बोर्डाचा बायोस अपडेट करायला तात्पुरता प्रोसेसर हवा असेल तर सांगा. मी शनिवारी परभणीला येतो, स्टँडवर आणून देईन. काम झालं की परत द्या.