मदत हवी आहे : सातवी मराठीचे बदली तास, पाच दिवसांचं टाचण

काना_मात्रा :
नमस्कार. पुढच्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार मी प्रशिक्षणाला असेन. सातवीचा मराठीचा रोजचा ३५ मिनिटांचा तास बदलीवर जाईल, आणि शिक्षक रोज वेगळे असतील. एक दिवस गणिताच्या बाई, एक दिवस क्रीडाशिक्षक, ज्यांचा तास मोकळा असेल ते. वर्गात ४२ मुलं. फळा-खडू आहे, प्रोजेक्टर नाही, रोज ४२ झेरॉक्स मिळणार नाहीत. ‘पाठ वाचा आणि स्वाध्याय सोडवा’ यात आठवडा जाऊ नये असं फार वाटतं. डोक्यात श्रुतलेखन, पुढची कविता, निबंध आणि शब्दखेळ आहेत. काय ठेवू, काय काढू? टप्पे सांगितलेत तर तसंच लिहून ठेवीन.

वेलांटी :
कविता आणि श्रुतलेखन दोन्ही काढा. कविता तुम्हीच परत आल्यावर घ्या, नाहीतर ती दोनदा शिकवावी लागते आणि दुसऱ्यांदा मुलांचं लक्ष नसतं. श्रुतलेखनाची अडचण वेगळी आहे. बोलताना आपल्याकडे ह्रस्व-दीर्घ नीट ऐकू येत नाही. वाचणारा मुलांना मदत म्हणून स्वर ताणतो, ‘मिठात’चं ‘मीठात’ होतं, आणि मुलं तेच लिहितात.

माझ्या मते कसोटी एकच : उत्तर बरोबर की चूक, हे मराठी न शिकवणाऱ्या माणसालाही तुमचा कागद बघून सांगता आलं पाहिजे.

श्रुतलेखनाऐवजी सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाचा, तास ठेवा. फळ्यावर दहा शब्द : फूल, दूध, मीठ, वीट, सून, बहीण, जमीन, वकील, विहीर, नागपूर. पहिली १० मिनिटं प्रत्येकाला प्रत्यय लावून रूप लिहायचं. उत्तरं कागदावर तयार : फुलात, दुधात, मिठात, विटेला, सुनेला, बहिणीला, जमिनीत, वकिलाला, विहिरीत, नागपुरात. मग वह्यांची अदलाबदल, शेजाऱ्याने पेन्सिलने तपासायचं, ५ मिनिटं. मग प्रश्न : ‘सगळीकडे काय बदललं?’ मूळ शब्दातला दीर्घ ई-ऊ ह्रस्व झाला, हे मुलं स्वतः सांगतात. उरलेल्या वेळात यातल्या पाच रूपांची वाक्यं.

या यादीत दोन प्रकारचे शब्द अजिबात घुसू देऊ नका. पहिला प्रकार शरीर, गीत, सूत्र असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. ते दीर्घच राहतात : शरीरात, गीतात, सूत्रात. दुसरा प्रकार लाकूड, कापूस, बेरीज, काळीज. यांत मधल्या ई-ऊच्या जागी ‘अ’ येतो : लाकडाला, कापसाला, बेरजेत, काळजात. एखाद्या हुशार मुलीने ‘मग शरीरात का नाही?’ विचारलं तर बदली शिक्षक अडकतात. कागदावर खाली लिहून ठेवा : ‘असे शब्द मुलांनी सुचवले तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, सोमवारी घेऊ.’ तुमच्या पुढच्या तासाला आयती सुरुवात मिळेल.

खडूची_पेटी :
शब्दखेळ ठेवा, पण शब्दसाखळीचा नियम आधीच पक्का करा. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ने शब्द सुरू होत नाहीत, आणि ‘जमीन’, ‘विमान’मधून सुटलेली साखळी ‘पाणी’, ‘फळ’ आलं की तिथेच तुटते. नियम असा लिहा : शेवटी ण किंवा ळ आला तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, काना-मात्रा सोडून फक्त व्यंजन धरायचं, नावं चालणार नाहीत. रांगेप्रमाणे गट, प्रत्येक गटाचा एक लेखनिक, शब्द फळ्यावर न लिहिता वहीत. तोंडी घेतलं तर चौथ्या मिनिटाला शेजारच्या वर्गातून तक्रार येते. १२ मिनिटांच्या वर ताणू नका.

म्हणींच्या अर्ध्या चिठ्ठ्या हा खेळही चालेल : ‘उथळ पाण्याला’ आणि ‘खळखळाट फार’, ‘नाचता येईना’ आणि ‘अंगण वाकडे’. मात्र ४२ मुलांना उठून जोडीदार शोधायला लावू नका. आठ म्हणींच्या सोळा चिठ्ठ्यांचा संच दोन बाकांना मिळून एक, बसल्या जागी जुळवायचा. संच जाड कागदावर करा आणि पाकिटावर ‘१६’ लिहा, म्हणजे परत घेताना मोजता येतील.

काना_मात्रा :
फार उपयोगी. निबंधाचं काय? आणि लवकर संपवणाऱ्या मुलांना काय द्यावं?

वेलांटी :
निबंध नको, ४२ निबंधांचा गठ्ठा तपासायला तुमच्याच टेबलावर येईल. त्याऐवजी वाक्यांचा क्रम लावणं. मटकीला मोड आणण्याची कृती सहा वाक्यांत, उलटसुलट, फळ्यावर क्रमांक देऊन. मुलांनी आधी योग्य क्रम आकड्यांत लिहायचा, मगच परिच्छेद. वाक्यांत ‘भिजलेली मटकी’, ‘त्याच फडक्यात’ असे दुवे ठेवा. दुवा नसेल तर दोन क्रम बरोबर ठरतात आणि वाद होतो. लवकर संपलं तर तीच कृती ‘धुवा, भिजवा’ऐवजी ‘आईने धुतली, भिजवली’ अशी भूतकाळात. वेगळा कागद लागत नाही.

खडूची_पेटी :
पाच दिवसांची पाच पानं वेगवेगळी ठेवा, एकत्र टाचू नका. रोज माणूस बदलणार असल्याने त्या दिवसाचंच पान हातात पडलं पाहिजे. पान एकच बाजू, मोठं अक्षर, डावीकडे मिनिटं. वर तीन ओळी : कोणती वही, दोन वर्गप्रमुखांची नावं, चष्मा विसरणाऱ्या किंवा पुढे बसवायच्या मुलांची जागा. खाली एक रिकामी चौकट : ‘कुठपर्यंत झालं?’ फाइल पर्यवेक्षकांकडे द्या, कपाटात नको. कपाटाची किल्ली तुमच्याबरोबर प्रशिक्षणाला जाते. सहावं पानही घाला, म्हणींचंच, कारण परिपाठ लांबला की एखादा तास २० मिनिटांचा उरतो.