घरचा सर्व्हर ठेवू की मोडीत काढू?

तारमास्तर (नाशिकरोड)

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद साठवण बंद केली तेव्हा मी तावातावाने माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला. त्याचाच घरचा सर्व्हर केला: ४ टीबीच्या दोन डिस्क, उबुंटू (लिनक्स), त्यावर ॲप्स चालवायला डॉकर. आधी फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड, मग पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, नंतर फोटोंसाठी इमिच. आपला हात जगन्नाथ म्हणत इतकी वर्षं रेटलं.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. नेमकं त्याच रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं, ॲडमिट केलं. काउंटरवर मेडिक्लेमची पॉलिसी मागितली. ती नेक्स्टक्लाउडमध्ये! तोवर वीज आली होती, पण मशीन काही आपणहून उठलं नव्हतं. घरी फक्त आई. मी फोनवर सांगतोय, "टीव्हीशेजारच्या काळ्या डब्याचं गोल बटण दाब," आणि ती सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करतेय. शेवटी नागपूरहून ताईने व्हॉट्सॲपवर पॉलिसीचा फोटो टाकला. तिने तो कधीतरी आईकडून मागून ठेवला होता. (बाबा ठणठणीत आहेत. ॲसिडिटी निघाली.)

तेव्हापासून मन उडालंय. बाकीची रड आहेच. इंटरनेटवाल्याने न सांगता सीजीनॅटवर (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) टाकलं. राउटरवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला तेव्हा कळलं. बाहेरून सर्व्हर दिसेना, सुरक्षित जोडणीचं ९० दिवसांचं सर्टिफिकेटही नवं होईना. मग बाहेरून घरी खासगी वाट काढणारं टेलस्केल घातलं, तर आईच्या फोनचा बॅटरी सेव्हर ते दर दोन दिवसांनी झोपवतो. नेक्स्टक्लाउडचं अपडेट दोन वर्षं टाळलं. मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही, त्यामुळे एकेक पायरी चढण्यात अख्खा रविवार गेला.

आणि परवा कळलं, बायकोने गुपचूप गूगलचा १०० जीबीचा प्लॅन घेतलाय. भांडलो नाही. उलट हायसं वाटलं, आणि तेच जास्त लागलं.

काय करू?

उकडपेंडी (अकोला, सध्या स्टुटगार्ट)

आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन'वर ठेव. दोन मिनिटांचं काम. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायचीच असते, तिला तेलपाण्याच्या खर्चात धर.

मला काळजी वेगळीच वाटते. त्या दोन डिस्क मिरर केल्यायस ना, म्हणजे दोन्हीवर तेच? तो बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवलंस तर दोन्हीकडून एकदमच उडेल. ताईकडे एक डिस्क ठेव आणि रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने रोज रात्री तिकडे प्रत जाऊ दे. आणि ती प्रत एकदा उघडून बघ. मी दीड वर्ष बॅकअप घेत होतो पोस्टग्रेस डेटाबेसच्या चालू फोल्डरचा. डंप (डेटाबेसची एकसंध प्रत) काढायला हवा होता. गरज पडली तेव्हा फोटो सगळे मिळाले. अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं गेली. आजीचे फोटो पुन्हा हुडकायला घेतले, अजून संपले नाहीत.

जोंधळा (डोंबिवली)

उकडपेंडी, तुमचं सेटिंग बरोबर आहे, पण दुखणं तिथे नाही. तारमास्तर त्या रात्री हॉस्पिटलात होते. उद्या तेच खाटेवर असले तर बटण कोण दाबणार?

मी हे सगळं केलंय आणि निम्मं आवरलंय. माझी फूटपट्टी अशी: बंद पडल्यावर फक्त माझी चिडचिड होणार असेल तर ते घरी. सिनेमांसाठी जेलीफिन, घरभरच्या नेटमधून जाहिराती गाळणारं पाय-होल, माझ्या नोंदी. (पाय-होल पडलं की घरभर बोंब होते, तेव्हा तेही डळमळीतच.) घरच्यांची कागदपत्रं मात्र पैसे भरून बाहेर. लोकांना यात पराभव का वाटतो कळत नाही. तुमचं मशीन ४० वॅट जरी खात असेल तरी महिन्याला २९ युनिट होतात. फुकट तेही नाही.

पावशेर

पॉलिसीची झेरॉक्स फ्रिजवर चिकटवली आहे. वीज गेली तरी दिसते. टॉर्च लागतो.

तारमास्तर

पावशेर, आज चिकटवली. आईने वर गणपतीचं मॅग्नेट लावलंय, नंबर अर्धा झाकला गेलाय.

बायोसचं केलं, मेन स्विच पाडून तपासलं, उठलं. उकडपेंडी, तुझ्या धास्तीने बॅकअप उघडून बघितला. माझीही तीच चूक! डंप नव्हताच. आता रोज पहाटे ३ ला निघतो.

कागदपत्रं बाहेर जातील, जोंधळा म्हणतात तशी. पासवर्डांचं ठरत नाही. त्या रात्री सर्व्हर बंद असूनही ॲप चाललं, कारण फोनवर पासवर्डांची प्रत असते. म्हणून सध्या राहू देतो. फोटो दोन्हीकडे ठेवीन म्हणतो. बायकोला विचारलं, तुझ्या १०० जीबीत मला घेशील का? "बघते," म्हणाली.