परभणीतून अ‍ॅग्री करून बाहेर पडलो, आता नोकरी आणि विश्वास यांचा मेळ बसंना

शेतकी_पोरगा:
जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू करत होतो. मी मूळ जालन्याचा, परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री केलं आणि आता एका कंपनीत फील्ड ऑफिसर आहे, गेवराई तालुका माझ्याकडं. कंपनीचं नाव विचारू नका. काम म्हणजे दुकानदारांच्या भेटी, शेतकऱ्यांच्या मीटिंगा, प्लॉट दाखवणं आणि महिन्याचं टार्गेट.

परभणीत आमचा तरुणांचा ग्रुप होता. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी रूमवर जमायचो, गिटार, गाणी, बायबल, मग खिचडी. तेव्हा वाटायचं आपला विश्वास पक्का झाला, आता कुठंही टाका. शिकवणारे दादा लोक चांगलेच होते पण विषय कोणते तर दारू, सिगारेट, पिच्चर, पोरींसोबत फिरणं आणि लग्न विश्वासणाऱ्यातच करायचं. यातलं काहीच सोमवारी कामावर उपयोगी पडायलं नाही, दारू मी पितच नाही. माझ्यापुढं भलतंच येऊन उभं राहिलं.

मागच्या खरिपात एका मावशीच्या रानात गेलो. तीन एकर सोयाबीन, भारी काळी जमीन, पाऊस लागून राहिलेला, सऱ्यांत पाणी तुंबलेलं, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की पिकाला लोह मिळत नाही, त्याचंच हे, सेकंड इयरचं पोरगंसुद्धा बघून सांगेल. मावशी म्हणली, साहेब कोणतं औषध मारू? शेजारी दुकानदार उभा, हातात आमच्याच कंपनीची टॉनिकची बाटली. मी म्हणलं मावशी आधी चर मारून पाणी काढून द्या, वाफसा आला की बरीच पानं आपोआप हिरवी होतील, नाहीच झाली तर मायक्रोन्यूट्रियंट ग्रेड टू, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, फवारा, ते कुठंही मिळतं. दुकानदार एक शब्द बोलला नाही, बाटली पिशवीत टाकली आणि गाडीला किक मारली. संध्याकाळी मॅनेजरचा फोन, तू कंपनीचा का शेतकऱ्याचा? त्या महिन्याचं टार्गेट राहिलं, इन्सेंटिव्ह गेला. घरी पैसे पाठवावे लागतात, बहिणीच्या नर्सिंगची फी आहे.

आता प्रत्येक रानात असंच करायचं म्हणलं तर नोकरी राहत नाही आणि नाही केलं तर अर्पणाच्या थैलीत पैसे टाकताना हात जड होतो. बरं रविवार तरी कुठं मिळतो, सीझनला मीटिंगा नेमक्या रविवारी लागतात, आणि सुट्टी मिळालीच तर शहागड, अंबड करत एसटीनं जालना गाठायचं आणि प्रवचनाला बसलं की झोप. प्रार्थना गाडीवर हेल्मेटमध्येच होती, ती पण अर्धी, मधी कुणाचा तरी फोन येतोच. वडील म्हणतात एमपीएससी दे, कृषी सेवेत अधिकारी हो, सगळं मिटंल. (ती परीक्षा पण बहुतेक रविवारीच असते, हा भाग वेगळा.)

यातनं कुणी गेलंय का? उपदेश नको, तुम्ही काय केलं ते सांगा.

नाईट_सिस्टर:
भाऊ मी संभाजीनगरला स्टाफ नर्स आहे, ड्यूटी चार्टला रविवार कळत नाही. पहिल्या वर्षी फार वाईट वाटायचं, आई दर रविवारी फोन करून विचारायची गेलीस का देवळात, आणि मी नाईट करून आडवी पडलेली. मग एकदा मीच तिला म्हणलं, येशूनं वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशीच, म्हणजे विश्रांतीच्या दिवशीच बरं केलं ना, मग मी वॉर्डात होते म्हणजे उपासना बुडवली असं कसं? आई गप्प बसली, पटलं का नाही माहीत नाही.

पण एकटं राहू नकोस. आम्ही तिघीजणी आहोत, ज्या दिवशी तिघींची ड्यूटी जुळेल त्या दिवशी एकीच्या घरी बसतो, एक स्तोत्र, थोडी प्रार्थना, बाकी गप्पाच. तिचं बाळ मधीच रडतं, मग प्रार्थना तिथंच आमेन. गिटार नाही काही नाही. तुझ्या तालुक्याच्या गावाला एखादं तरी ख्रिस्ती घर असणार, शोध. मिशन दवाखान्यातून रिटायर झालेली एखादी आजी असतेच कुठंतरी, आणि ती तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही.

प्रवचनात झोप लागते ते मनाला लावून घेऊ नको, गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता तेव्हा शिष्य पण झोपलेच होते 😄

मोंढा_नाका:
मी तुमच्यातला नाही, माळकरी घरातला आहे, पण विषय आमच्या धंद्याचा निघाला म्हणून लिहायलो. माजलगावला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. भाऊ तू दुकानदाराला लगेच पापी करून टाकलंस. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला विकायची, त्यात आम्हाला काय सुटतं विचार कुणालाबी. वरून माल देणाराच म्हणतो युरिया पाहिजे का, मग एवढ्या नॅनो युरियाच्या बाटल्या घे, एवढं वॉटर सोल्युबल खत घे. ते लिंकिंग आम्ही शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो नाहीतर गोडाऊनला पडून एक्सपायर होतं. बेकायदेशीर आहे, कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करता येती, पण ऐन पेरणीत कोण कुणाशी वाकडं घेतंय. आमचे आबा दरसाल पंढरीला चालत जातात आणि उधारीची वही पण तेच लिहितात, तेव्हा हा प्रश्न तुमच्याच देवाचा आहे असं समजू नको.

धंद्याचं सांगतो. खरं बोलणारा फील्डवाला पहिलं वर्ष मारच खातो. दुसऱ्या वर्षी शेतकरी दुकानात येऊन म्हणतो ते पोरगं काय म्हणलं ते द्या. आमच्याकडं असा एक जण आहे, त्याचं टार्गेट जूनमधीच निम्मं होतं. पण त्याच्याजवळ चालणारा माल आहे. तुझ्या कंपनीचे चार प्रॉडक्ट खरंच चांगले असतील तर त्यावर जोर लाव, टॉनिकचं तोंडच काढू नको. चारातलं एकबी चांगलं नसंल तर कंपनी बदल, त्याला बायबल कशाला लागतं.

शेतकी_पोरगा:
दुकानदाराला पापी म्हणलंच नाही भाऊ, पण बाजू कळली. बीजप्रक्रियेचं औषध आमचं एक नंबर आहे, ते मी छातीठोक विकतो. पण ते पेरणीच्या आधी खपतं, बाकीचे महिने काय विकू? आणि अजून एक, लक्ष्मीपूजनाला सगळे डीलर बोलावतात, नाही गेलं की राग येतो. आमच्या पास्टरांनी तर सरळ सांगितलं, आरतीला उभं राहायचं नाही.

बेथेलवाले_काका:
सलाम. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार येतात, आम्ही काय करावं विचारतात. जकातदार म्हणजे त्या काळची सगळ्यात बदनाम नोकरी. तो नोकरी सोडा म्हणत नाही, ठरवून दिलंय त्याच्यावर घेऊ नका एवढंच म्हणतो. शिपायांना पण तसंच. आपल्या प्रवचनात माणूस एकतर सेवेला वाहून घेतो नाहीतर जगात बुडतो, पगारावरचा माणूस त्यात दिसतच नाही. तुझे परभणीचे दादा लोक त्यातलेच.

आमच्या गावाचं बघ. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल गाव वसवलं. लोकांना नुसता बाप्तिस्मा देऊन वाऱ्यावर सोडलं नाही, रान दिलं, शाळा दिली, हाताला काम दिलं. आपल्याकडं विश्वासाची सुरुवातच मातीत झालीय, तो नंतर कधीतरी बाकावर जाऊन बसला.

आरतीचं म्हणशील तर जुन्या करारातला नामान वाच, अरामच्या राजाचा कोडी सेनापती. तो बरा होऊन अरामला परत निघतो तेव्हा अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, देवानं तेवढी क्षमा करावी. अलीशा म्हणतो, शांतीनं जा. मी जन्मभर शाळेत मास्तर होतो, गणपतीला वर्गणी द्यायचो, आरतीला कडेला उभा राहायचो, हात जोडायचो नाही. कुणी कधी शब्दानं बोललं नाही. पास्टरांचं ऐकू नको असं म्हणत नाही बाळा, त्यांना विचार की तुम्ही कधी डीलरकडं वसुलीला गेला होता का.

दानीएल३:
काका माफ करा पण नामान फार सोयीचा पडतो आपल्याला. तो कालपरवा विश्वासात आलेला, भाऊ जन्मापासून चर्चमध्ये आहे. दानीएलचे तीन मित्र राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढं वाकले नाहीत, भट्टीत गेले. मग तिथं अलीशावालं शांतीनं जा का नाही चाललं? कडेला उभं राहणं मला पण जमतं, पण ते धैर्य आहे का सवय हे ज्याचं त्यानं बघावं.

आणि शेतकी भाऊ, सरकारी नोकरीत सगळं मिटतं हे डोक्यातून काढ. फॉर्म भरतानाच जातीचा कॉलम येतो. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं ख्रिस्ती झाला की एससी संपलं, बौद्धांना १९९० मध्ये सवलत मिळाली, आपल्याला नाही. त्यामुळं आपल्यातली कितीतरी घरं कागदावर एक आणि रविवारी एक. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पण खरं बोलायचा पेपर तिथंच सुरू होतो, पूर्वपरीक्षेच्या आधी. माझा मोठा भाऊ कृषी सहाय्यक आहे. अतिवृष्टीचे पंचनामे निघाले की फोन सुरू, याचं क्षेत्र वाढव, त्याचं नाव घाल. तुझ्याकडं निदान मॅनेजर एकच आहे.

शेतकी_पोरगा:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, आजी काही सापडली नाही पण एक एसटीचे कंडक्टर काका निघाले, बीडकडचे, त्यांचा पण रविवार ड्यूटीतच जातो. मंगळवारी त्यांच्या घरी बसायचं ठरलंय. टार्गेटचं अजून तसंच आहे, मोंढा भाऊच्या म्हणण्यानुसार यादी काढायलोय, आमच्या मालातलं खरंच काय चालतं त्याची. लांब नाही निघाली यादी.

दानीएल, तुझा भाऊ त्या फोनचं काय करतो?

दानीएल३:
उचलत नाही. बदली होऊन सध्या लांब किनवटला आहे 😄